दोन अर्थ

अच्युतबुवा साखळकर कीर्तनाला उभे राहिले की कातळवण्यातली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबतात, असं तात्या परुळेकर सांगायचे. तात्या लक्ष्मीनारायण देवस्थानचे अध्यक्ष, त्यामुळे त्यांचं बोलणं जरा फुगवलेलं असायचं; पण बुवांच्या बाबतीत फुगवायला फारशी जागाच नव्हती. पासष्टीचा देह, काठीसारखा सरळ. गळा अजून ओला. आणि नजरेत ऐकणाऱ्याबद्दल अशी माया, की मागच्या खांबाला टेकून पेंगणाऱ्यालाही वाटावं, बुवा आपल्याशीच बोलताहेत.

देऊळ कड्याच्या टोकाला. खाली समुद्र, वर आभाळ आणि मागे मैलभर पसरलेला जांभ्याचा सडा. त्या वर्षी श्रावणात देवळाला लागून एक पोलादी खांब उभा राहिला. किनाऱ्यावरची वादळं आता बेभरवशाची झाली होती. परतीच्या पावसाला परतायचं सुचत नव्हतं. दिवाळी उलटली तरी दुपारच्या विजा कडाडायच्या. होड्या जरा आत गेल्या की मोबाईल मुके. म्हणून सागर-संदेश खात्याने किनाऱ्यावरच्या उंच देवळांशी असे रेडिओचे खांब उभे करायला घेतले होते. वादळाचा इशारा खात्याकडून खांबाला, आणि खांबाकडून होडीवरच्या डब्याला.

खांब उभारायला आली ती खोतांची शर्वाणी. गावचीच मुलगी. लहानपणी बुवांच्या मांडीवर बसून टाळ बडवलेली, आता खात्यात अभियंता.

"बुवाकाका, वर चढू नका हं!"

"अगं, खालूनच दर्शन घेतो. पण मला सांग, ह्याला वीज कुठून? आपली लाईन तर जरा शिंतोडा पडला की माहेरी जाते."

शर्वाणी हसली. खांबावरून उतरणारी बोटाएवढी केबल तिने दाखवली. "ही एकच. हिच्यातूनच रेडिओचं बोलणं जातं आणि हिच्यातूनच त्याचं जेवण. एरवी सूर्याच्या पट्टीवर चालतं. खरी गोम पुढेच आहे. रेडिओ लांब ऐकू जायचा तर उंच हवा, आणि एवढा उंच ठेवला की वीज त्यालाच आधी बघते. अंगावर पडायलाच हवी असं नाही. जवळपास पडली तरी केबलमध्ये लाट उसळते आणि आतलं सगळं जाळते."

"मग?"

तिने खिशातून विटकरी रंगाची चकती काढली, बत्ताशाएवढी. "ही आपल्या जांभ्याची आहे, काका. जांभ्यातलं लोह आणि जस्त एकत्र भाजून केलेली वडी. साध्या दाबाला ही दगड असते, काही म्हणता काही जाऊ देत नाही. लाट आली की क्षणात पाणी होते आणि लाटेला थेट जमिनीची वाट करून देते. लाट गेली की परत दगड. अशा वड्या पूर्वीही होत्या, पण दर लाटेला थोड्या थोड्या मरायच्या. ही त्या लाटेच्याच उष्णतेवर आपली जखम भरून काढते. आणि जाता जाता एक घास बाजूला काढून ठेवते, रेडिओपुरता. सूर्य नसतो तेव्हा वादळच ह्याला जेवू घालतं."

"म्हणजे शत्रूच्याच घरचा शिधा!" बुवांनी मांडीवर थाप मारली. चकती त्यांनी दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावली. बुवांना चांगली गोष्ट दिसली की कपाळाला लावायची सवयच होती.

गावाने त्या चकतीला गिळवडी नाव दिलं. गिळवडी मरत नाही म्हटल्यावर खात्याने देखभालीची माणसं कमी केली. बघता बघता सगळ्या दक्षिण किनाऱ्याला शर्वाणी एकटी उरली.

खांबाचा खरा आनंद झाला तो सीताराम मेथरला. सीताराम मासेमारी करणारा, आणि गेली कित्येक वर्षं बुवांच्या मागे टाळ धरणारा. बांगडा लागला की त्याला दर्यावर जावंच लागे आणि कीर्तन बुडे; मग आठ दिवस तोंड पाडून हिंडायचा. शर्वाणीने देवळाच्या माइकची वायर खांबाच्या पेटीला जोडून दिली, तसं कीर्तन होड्यांवर ऐकू जाऊ लागलं. होडीवरच्या डब्यातून उलट बोलताही येई.

"बुवानू, तुमी हंयसून गावा, मी थंयसून वाजवतंय," सीताराम म्हणाला, आणि त्याने तसं केलंही. बुवांच्या पायाशी ठेवलेल्या छोट्या स्पीकरमधून, वाऱ्याच्या घरघरीतून, समेवर बरोबर टाळ यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा बुवांनी वाकून त्या स्पीकरलाच नमस्कार केला. सगळा सभामंडप डोळे पुसत होता.

पेच पडला तो गोकुळाष्टमीला. बुवांच्या डोक्यात गिळवडी घोळत होतीच. पूर्वरंग रंगात आला आणि बुवांनी उपरणं सावरलं.

"मंडळी, शास्त्रीबुवांना विचारा, अर्थ म्हणजे काय? ते म्हणतील, शब्दाचा आशय. सावकाराला विचारा, तो म्हणेल, पैसा! आणि आमच्या शर्वाणीला विचाराल तर ती म्हणेल, काका, अर्थ म्हणजे जमिनीत पुरलेली तार!" मंडप हसला. "हसू नका, खरं आहे. वरून आलेली लाट पोटात ठेवायची नाही, भूमीला अर्पण करायची, त्याचं नाव अर्थिंग. आता बघा हं. आपल्या कळसाची तार उतरते कुठे? गाभाऱ्यामागे, सोवळ्यात. आणि ह्या रेडिओची? चपलांच्या कट्ट्याशी, व्यवहारात. म्हणून म्हणतो बाबांनो, देवाचा अर्थ निराळा, व्यवहाराचा अर्थ निराळा! दोन्हींची सरमिसळ ज्याने केली, तो भाजला!"

तबल्यावर तिहाई पडली आणि मंडप टाळ्यांनी उठला. तात्या परुळेकर तर उभेच राहिले. तात्यांच्या नातवाने ते सगळं मोबाईलवर टिपलं होतं; दोन दिवसांत ते किनाऱ्यावरच्या गावागावांत फिरलं. शर्वाणीही टाळ्या वाजवत होती. मग तिचे हात मध्येच थांबले.

सडा जरा सुकला तशी ती पावसामुळे राहिलेलं काम उरकायला, गाभाऱ्यामागचा अर्थिंगचा खड्डा आणि कट्ट्यापाशचा खड्डा तांब्याच्या पट्टीने जोडायला आली. तात्या वाटेतच उभे.

"बाई, मागचा खड्डा पुजलेला आहे. पंचामृत घातलंय त्यात. जोड्यांच्या कट्ट्याखालची तार त्याला भिडवायची?"

"तात्या, कुठल्याही पुस्तकात बघा. एका जागेवर दोन अर्थिंग सुटी ठेवत नाहीत."

"पुस्तकं तुम्ही बघा. आम्ही बुवांचं ऐकतो. भर कीर्तनात सांगितलंय त्यांनी."

ती तडक बुवांच्या ओटीवर आली. बुवा चिपळ्यांना नवीन गोंडे लावत बसले होते.

"काका, त्यांना सांगा ना की तो विनोद होता."

"विनोद नव्हे गं, दृष्टांत."

"तुमचा दृष्टांत माझ्या वायरिंगमध्ये शिरलाय!" तिचा आवाज चढला, मग तिनेच तो खाली आणला. "ऐका. जांभा कोरडा दगड, त्यात लाट लवकर जिरत नाही. कळसावर वीज पडली की मागच्या खड्ड्याभोवतीची जमीन क्षणभर हजारो व्होल्टनी वर उचलली जाते. कट्ट्यापाशची जमीन खालीच राहते. बंदरात दोन होड्या शेजारी असतात आणि मधे ये-जा करायला फळी टाकलेली असते ना? होड्या एकमेकींना बांधलेल्या असल्या की लाट दोघींना एकदम वर नेते, एकदम खाली आणते. सुट्या असल्या की एक वर, एक खाली, आणि फळी मोडते. इथे फळी म्हणजे माइकची वायर. एक टोक देवळाच्या मिक्सरला, म्हणजे मागच्या अर्थला. दुसरं रेडिओला, म्हणजे कट्ट्याच्या अर्थला."

"आणि तुझी गिळवडी?"

"ती केबलच्या दारावर बसलीय. हे येणार घरातून, मागच्या दाराने. त्याला ती काय करणार?"

बुवांना ते पटलं होतं, मनातल्या मनात त्यांनी होड्यांच्या दृष्टांताला दादसुद्धा दिली. पण आळवेवाडीहून बोलावणं आलं होतं, शिरवंड्याहून आलं होतं, आणि प्रत्येकाचा निरोप एकच, बुवा, ते दोन अर्थांचं घ्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओव्यांवर निरूपण करणाऱ्या माणसाचं पहिल्यांदाच स्वतःचं एक वाक्य लोकांच्या तोंडी बसलं होतं.

"कार्तिकी उत्सव तोंडावर आलाय गं," ते म्हणाले. "तात्यांना आत्ता चारचौघांत खोटं पाडायचं म्हणजे उत्सवाचा विरस. उत्सव होऊ दे. मी स्वतः त्यांच्यासमोर बसून सांगतो."

शर्वाणीने त्यांच्याकडे बघितलं. लहानपणी गूळ मागितल्यावर बुवा "उद्या" म्हणायचे, तेव्हा ती अशीच बघायची.

"ठीक. पण तोवर माइकची वायर खांबाला लावायची नाही. कीर्तन होडीवर नाही गेलं तर नाही गेलं. इशारा गेला पाहिजे." देवळात जाऊन तिने ती वायर खांबाच्या पेटीतून उपसली आणि घंटेच्या खांबावरच्या खिळ्याला गुंडाळून ठेवली.

उत्सवाच्या दिवशी सकाळी सीताराम आला. धुवट सदरा नव्हता अंगात, म्हणजे दर्यावर निघालेला.

"बांगडो लागलो हा, बुवानू. जावक होया. पण आज आख्यान ऐकूक गावाचा नाय म्हणतत..." त्याने खिळ्यावरच्या वायरकडे बघितलं आणि टाळाची जोडी खिशात चाचपली. लहान मुलाने रिकामा डबा उघडून बघावा तसा.

तो पायऱ्या उतरून गेला. बुवा मंडपात आले, पुन्हा दाराशी गेले, पुन्हा आले. बाजाची पेटी वाजवणाऱ्या वसंताला म्हणाले, "ती वायर घे रे. आजच्या दिवस लाव."

"शर्वाणीताई नको म्हणालीय."

"अरे, आभाळ बघ की! धुतल्या ताटासारखं आहे. आरती झाली की काढू. तो तिकडे एकटा टाळ घेऊन बसायचा, आणि आपण इथे देवासमोर..." बुवांचा गळा भरून आला, आणि बुवांचा गळा भरून आला की वसंता कशालाच नाही म्हणू शकत नसे.

चारला कीर्तन उभं राहिलं. मध्यंतराला बुवांच्या गळ्यात हार पडला, बुक्का लागला. पायाशी टाळ येत होता, समेवर, अचूक. उत्तररंगात बुवा असे रमले की मंडपातला उजेड काळवंडलेला त्यांना कळला नाही. पश्चिमेकडून ढग कधी चढले ते कुणीच पाहिलं नाही. सगळ्यांची पाठ समुद्राकडे होती आणि तोंड बुवांकडे.

कळसावर वीज पडली ती आवाज म्हणून आलीच नाही. सगळं पांढरं झालं, आणि मग सभामंडपाच्या दगडातून पायांना हिसका बसला. मिक्सरमधून निळी ठिणगी उडाली, जळक्या रबराचा वास सुटला. बायका ओरडल्या. कुणालाही काही झालं नव्हतं. माइक गेला होता.

बुवांनी हात वर केला. "घाबरू नका! ज्याचं देऊळ, तो आत बसलाय." आणि माइकशिवाय, मोकळ्या गळ्याने, जिथे थांबले होते तिथूनच त्यांनी पद उचललं. लोक हमसून रडले. असं कीर्तन पुन्हा होणार नाही, असं मागून सगळे म्हणाले.

पायाशी टाळ वाजत नव्हता. बुवांच्या लक्षात आलं होतं. त्यांना वाटलं, माइक नाही, म्हणून त्याला ऐकू जात नसेल.

आरतीचं तबक फिरत असताना शर्वाणी चिखलाने भरलेल्या जीपमधून उतरून धावत आली. ती वेंगुर्ल्याकडच्या खांबावर होती. "तासाभरापूर्वी वादळी वाऱ्याचा इशारा सुटलाय! सगळे खांब बोलले, तुमचा मुका आहे!" तिने खांबाची पेटी उघडली. गिळवडीचा दिवा हिरवा होता. वडी ठणठणीत. रेडिओ मात्र आतून कोळसा झाला होता. वायरच्या बाजूने.

ती वायर तिने हातात धरली. कुणी लावली, हे तिने विचारलं नाही. वसंता खाली बघत होता आणि बुवांच्या हातात अजून पंचारतीचं तबक होतं.

बाकीच्या होड्या आल्या. आभाळ बघून आल्या. सीतारामची आली नाही. दुसऱ्या दिवशी भरतीबरोबर फळ्या आल्या, जाळं आलं. तो आला नाही.

बुवा त्याच्या घरी गेले तेव्हा त्याची बायको शेवंती ओट्यावर बसली होती. तिचा भाऊ शेजारच्या होडीवर होता. वारा फिरला तेव्हा त्याने सीतारामला हाक मारली होती. ते सगळं त्याने तिला सांगितलं होतं, आणि आता ती बुवांना सांगत होती, अगदी शांतपणे, जणू बाजाराची गोष्ट.

"भाऊ म्हणालो, चल, आभाळ बरा नाय. तर हे म्हणाले, थांब रे, बुवांचो आवाज गेलो हा, येतलो इतक्यात. तुफान येवचा असता तर मशीन बोलला नसता?" तिने पदर सारखा केला. "गप रव्हला, म्हणून भिऊचा कारण नाय, असो अर्थ काढल्यानी त्यांनी. तुमीच सांगा बुवानू, चुकीचो काढल्यानी काय?"



दुसऱ्या दिवशी सकाळी, सोवळं नेसलेलंच असताना, त्यांनी कुदळ घेतली आणि गाभाऱ्यामागून कट्ट्यापर्यंत चर खणायला सुरुवात केली. जांभ्यावर कुदळ वाजत होती. तात्या आले, आणि या वेळी वाटेतून बाजूला झाले. थोड्या वेळाने शर्वाणी पट्टी घेऊन आली. ती बुवांशी कामापुरतंच बोलली: इथे धरा, इथे सोडा. काका म्हणाली नाही. तेव्हापासून म्हटलेलंच नाही.

पण ते वाक्य एव्हाना पुढे निघून गेलं होतं. किनाऱ्यावरची देवळं एकामागून एक खांब घेत होती, आणि प्रत्येक ठिकाणी शर्वाणीला तेच ऐकावं लागत होतं, देवाचा अर्थ निराळा. काही ठिकाणी तर ते संगमरवरावर कोरून खड्ड्यावर बसवलं होतं. गिळवड्यांचे दिवे हिरवे. खात्याला काही बिघडलेलं दिसतच नव्हतं.

मग बुवा स्वतः निघाले. झोळीत चिपळ्या आणि तांब्याची पट्टी. गावोगाव कीर्तनात उभे राहून सांगू लागले, "मंडळी, मी चुकलो. दोन अर्थ वेगळे ठेवू नका. माझ्या त्या बोलण्यापायी माझा टाळकरी दर्यात गेला." लोक गहिवरायचे. कीर्तन संपल्यावर पाया पडून म्हणायचे, "काय लीनता आहे बुवांची! एवढा मोठा माणूस, आणि मी चुकलो म्हणतो." कुणी म्हणायचं, "पण ह्यातला गूढार्थ काय हो, बुवा?"

"गूढार्थ नाही रे बाबा. चर खणा, एवढंच."

आणि लोक हसायचे. बुवांचा हजरजबाबीपणा प्रसिद्धच होता.

आळवेवाडीला त्यांनी माघात पट्टी दिली. गावच्या सरपंचांच्या हातात दिली, कुठून कुठे पुरायची ती जागा काठीने आखून दिली. वैशाखात, वळवाच्या विजा सुरू व्हायच्या आधी, ते पुन्हा तिथे कीर्तनाला गेले. आल्या आल्या देवळामागे गेले. चर नव्हता. त्यांनी मारलेल्या रेघेवर गवत वाढलं होतं.

"बुवा, इकडे या, इकडे," सरपंच उत्साहाने त्यांना सभामंडपात घेऊन गेले. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशेजारी, काचेच्या कपाटात, लाल मखमलीवर पट्टी ठेवली होती. चिंचेने घासून लखलखीत केलेली. हळदकुंकू वाहिलेलं. वर ताजा हार.

"तुमच्या हातची वस्तू. जमिनीत घातली असती तर काळी पडली असती," सरपंच म्हणाले. "आज शेवटी ते दोन अर्थांचं घ्या हं. माणसं लांबून आलीत. होड्यांवरही ऐकताहेत."

बुवांनी बाहेर बघितलं. पश्चिमेला समुद्रावर ढगांची काळी कड दिसत होती. ते मिक्सरपाशी गेले, खांबाकडे जाणारी वायर शोधली आणि स्वतःच्या हाताने उपसून काढली. बाजाची पेटी वाजवणारा चकित होऊन बघत राहिला. मागे कुणीतरी कुजबुजलं, बुवांनी होड्यांवर आवाज पाठवणं सोडलंय म्हणतात, सीतारामाच्या नावाने.

ते उभे राहिले. बुक्का लागला. आवाज मोकळा होता, पण जरा फाटत होता. पहिलं पद समेवर आलं. समेवर टाळ आला नाही. येणार नाही हे ठाऊक असूनही बुवा क्षणभर थांबले, मान किंचित पायाकडे झुकवून, ऐकत.

"वा!" पुढच्या रांगेतून दाद आली. "काय थांबले बुवा!"

आणि मंडपाने टाळ्या वाजवल्या.